तटावरचं धुणं

आमच्या सिंट-फ्लोरिसच्या किल्ल्याला फ्रेंचांनी वेढा घातला, त्याची हकिगत फ्रेंच वेगळी सांगतात आणि आमचे डच शिपाई वेगळी. दोन्हीकडचे शूर, दोन्हीकडचे हुशार. माझ्या चादरींचं नाव मात्र कोणी काढत नाही. म्हणून ही गोष्ट मीच सांगितलेली बरी.

मी पीटर्नेल. किल्ल्यातली खानावळ माझी. माझा नवरा लीनडर्ट किल्ल्याचा गवंडी होता. तटाची वीट निखळली, बुरुजाला तडा गेला, की डागडुजी त्यानं करायची. वेढा पडला तेव्हा तो जाऊन सहा वर्षं झाली होती. आमचं घर दक्षिणेकडच्या तटाला पाठ टेकून उभं होतं आणि स्वयंपाकघरातून मागे एक दार उघडत होतं. त्या दारामागे तळघर. तळघर कसलं, तो तटच! उन्हाळ्यात बिअर आंबते, चीजला घाम फुटतो, म्हणून लीनडर्टनं चार हिवाळे खपून बारा फूट जाडीचा तट आतून नऊ फूट पोखरला होता. काढलेल्या विटा त्यानं शेजारच्याच भागात बसवल्या आणि तो भाग दुप्पट जाड केला. वरचे अधिकारी त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, तशातली गत.

बाहेरच्या अंगाला उरला होता तीन फुटांचा पापुद्रा. सरकारी तट पोखरणाऱ्याला फाशी असते, आणि माहीत असून गप्प राहणाऱ्यालाही. म्हणून मी गप्प होते आणि चीज थंड होतं.

किल्लेदार होते कर्नल योस्ट व्हान ड्रिएल. उंच, काटकुळे, डाव्या पायाला संधिवात, लग्न केलेलं नाही. अकरा वर्षं रोज दुपारी बाराला माझ्याकडे यायचे, वाटाण्याचं सूप प्यायचे आणि उठताना म्हणायचे, "बरं झालंय." अकरा वर्षांत त्यापुढे एक शब्द नाही. एकदा मी मुद्दाम मीठ घालायचं विसरले, तरी "बरं झालंय". असल्या माणसाचं काय करायचं?

एक्केचाळीस वर्षं त्यांनी नोकरी केली होती, पण एकाही वेढ्यात ते सापडले नव्हते. लढाई व्हायची ती ते जिथे नसत तिथे. त्यामुळे जूनमध्ये फ्रेंच खरंच येऊन उभे राहिले, तेव्हा कर्नलसाहेबांनी खोकं उघडून नवाकोरा कोट बाहेर काढला. त्याला कसर लागली होती. मी रफू करून दिला.

आता, वेढा म्हणजे मारामारी, असं ज्यांना वाटतं त्यांनी वेढा पाहिलेला नाही. लग्नातले मानपान परवडले. आधी फ्रेंचांचा ढोलवाला पांढरं फडकं घेऊन आला आणि किल्ला देता का म्हणून विचारून गेला. कर्नलसाहेबांनी फार वाईट वाटतं, पण देता येत नाही, असं उत्तर पाठवलं. फ्रेंचांचा कॅप्टन द मोंफ्लीर, त्यानं उत्तराबद्दल आभार म्हणून चेरींची टोपली पाठवली. आम्ही परत टोपली रिकामी कशी पाठवायची म्हणून चीज पाठवलं. माझ्याच तळघरातलं. मग ते खंदक खणायला लागले.

आमच्या तोफखान्याचा हवालदार ड्रीस. त्याला एकच डोळा, पण बोलणं दोन माणसांचं. त्यानं मला खानावळीत बसून सगळा कायदा समजावला.

"हे बघ पीटर्नेल, त्यांनी तटाला खिंडार पाडायचं. वीस माणसं ओळीनं चढतील एवढं. ते पडलं, की आपण ढोल बडवून बोलणी लावायची, आणि त्याच खिंडारातून निशाणं फडकवत, वाजतगाजत बाहेर पडायचं. आपली इज्जत राहिली, त्यांना किल्ला मिळाला."

"आणि खिंडार पडायच्या आधीच दिला तर?"

"तर किल्लेदार भेकड. त्या नदीच्या खालच्या अंगाच्या किल्ल्याच्या मेजरचं ऐकलं नाहीस? सहाव्या दिवशी पांढरं निशाण चढवलं, तटाला ओरखडासुद्धा नव्हता. भर चौकात तलवार मोडली त्याची. आता अंधारकोठडीत आहे, मरेपर्यंत."

"आणि खिंडार पडूनही नाहीच दिला तर?"

"तर मूर्ख. मग ते चढून येतात आणि गाव लुटतात. मग तुझी खानावळ काय आणि तू काय!"

"म्हणजे त्यांनी भिंत फोडायची, आणि आपण वाट बघत बसायची?"

"वाट बघत नाही गं," ड्रीस दुखावल्यासारखा म्हणाला, "आपण पण तोफा मारायच्या. नाहीतर बरं दिसत नाही."

तिसऱ्या दिवशी मी धुणं वाळत घातलं होतं. घरामागच्या जिन्यानं तटावर चढलं की तिथे वारा छान येतो, म्हणून माझी दोरी वर्षानुवर्षं तिथेच. तळघराच्या बरोबर डोक्यावर. फ्रेंचांची पहिलीच तोफ उडाली आणि गोळा माझ्या नव्या चादरीतून आरपार गेला. मी तटावर उभी राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून जे काय बोलले, ते मोर्चातल्या शेवटच्या फ्रेंच शिपायापर्यंत पोचलं म्हणतात. भाषा कळली नसेल, अर्थ कळला.

दुपारी ढोलवाला हजर. कॅप्टन द मोंफ्लीरची चिठ्ठी, आणि घडी घातलेली एक तागाची चादर. कर्नलसाहेबांनी मला चिठ्ठी वाचून दाखवली. मादामचं धुणं जिथे वाळतं तिथे यापुढे एकही गोळा पडणार नाही, असा फ्रान्सच्या एका अधिकाऱ्याचा शब्द आहे, असं लिहिलं होतं.

माझी छाती फुगली. खोटं कशाला बोलू? त्या दिवसापासून मी दोरी कधी रिकामी ठेवली नाही. धुतलेलं पुन्हा धुतलं. शेजारणींचं मागून आणलं. सगळ्यांना वाटलं, मला फ्रेंच कॅप्टनचा शब्द मिरवायचाय. मला माझं तळघर झाकायचं होतं.

आता गंमत पाहा. डावीकडे दलदल, तिथे तोफ उभी राहत नाही. मधे माझं धुणं. उरला उजवीकडचा भाग, जो लीनडर्टनं माझ्या तळघरातल्या विटांनी दुप्पट जाड केला होता. मोंफ्लीरकडे मोठ्या तोफा नव्हत्याच; त्या मोठ्या सरदारांबरोबर मोठ्या किल्ल्याकडे गेल्या होत्या. याच्या वाट्याला सहा मध्यम तोफा. त्या सहाच्या सहा सकाळी सहा वाजल्यापासून त्या जाड भिंतीवर गोळे आपटायच्या. दुपारी बाराला जेवणाची सुट्टी. दोन वाजता पुन्हा सुरू. गोळे विटांत रुतून बसायचे, जसे काही शोभेला लावलेत. लीनडर्ट जिवंत असता तर त्यानं अभिमानानं पाइप पेटवला असता.

पहिला आठवडा हसण्यात गेला. दुसऱ्यात हसू आटलं.

किल्ल्यातलं धान्य संपलं. उपासमार झाली तर किल्ला देता येतो, असंही कायद्यात आहे, पण कोठार अगदी रिकामं असावं लागतं. आमच्या कोठारात खारवलेल्या हेरिंगची साठ पिंपं होती. सतरा वर्षांपूर्वीची. पिंप उघडलं की ड्रीसच्या उरलेल्या डोळ्यातूनसुद्धा पाणी यायचं. कागदावर ते अन्न होतं, म्हणून कागदावर आम्ही उपाशी नव्हतो. लोकांनी खाल्लं आणि आजारी पडले. तळघरातलं होतं नव्हतं ते सगळं चीज, बिअर, अगदी व्हिनेगरसुद्धा मी दवाखान्यात नेऊन दिलं. चार दिवसांत संपलं.

कर्नलसाहेब रोज बाराला यायचे. सूप म्हणजे गरम पाण्यात चिडवणीचा, त्या खाजऱ्या रानझुडपाचा पाला. ते प्यायचे, "बरं झालंय" म्हणायचे, आणि आपला पावाचा तुकडा रुमालात बांधून घेऊन जायचे. मला वाटायचं रात्री खात असतील. मग कळलं, दवाखान्यात देतात. कोट मी रफू केलेला, तो आता त्यांच्या अंगावर दोरीवर टाकल्यासारखा लोंबत होता.

"साहेब," एक दिवस मी न राहवून विचारलं, "किती दिवस?"

"खिंडार पडेपर्यंत, पीटर्नेलबाई."

"आणि पडलंच नाही तर?"

"परवा मी पत्र लिहिलं," ते म्हणाले. "किल्ला देतो, असं. सही करायची राहिलीय. माणसं मरायला लागली तर करीन. कोठडीतसुद्धा सूप मिळतच असेल."

"माझ्यासारखं नाही मिळणार," मी फटकन बोलले, आणि भांडी घासायला वळले. तोंड दाखवण्यासारखं नव्हतं माझं.

एक्केचाळीस वर्षं. एकदा खोटं बोलला नाही, एकदा कोणाचं लुबाडलं नाही, तो माणूस भर चौकात तलवार मोडून घेणार, आणि कशासाठी? माझ्या चादरी वाळताहेत म्हणून! त्या क्षणी दोरी काढायला हवी होती. मी नाही काढली. फाशीची भीती वाटली. लीनडर्टचं नाव मातीत जाईल, याचीही वाटली. चार दिवस मी स्वतःची समजूत घालत होते, की उजवीकडची भिंत आज पडेल, उद्या पडेल. त्या चार दिवसांत पाववाल्याची बायको आल्त्ये आजारातच वारली. माझ्या दोरीवर तिचे दोन परकर वाळत होते. ते घडी घालून मी तिच्या नवऱ्याला नेऊन दिले आणि परत येऊन सगळं धुणं काढलं. दोरीसकट. ते चार दिवस मी विसरलेले नाही, आणि कोणी विसरायला सांगूही नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तोफा सुरू झाल्या. मी घरातलं सामान पुढच्या अंगणात काढून, कानांवर हात घेऊन बसले. गोळे आपले उजवीकडेच. तिसऱ्या दिवशीही तेच. रिकाम्या तटावर एक गोळा येईल तर शपथ!

"दोरी काढलीस?" ड्रीसनं विचारलं.

"काढली. मग मारत का नाहीत ते तिथे?"

"कसे मारतील? शब्द दिलाय ना त्यानं. तुझं धुणं वाळतं ती जागा. धुणं आज नसलं म्हणून जागा बदलते का?"

"अरे, पण मला नकोय तो शब्द!"

"तसं त्याला सांगायला हवं," ड्रीस म्हणाला. मग त्यानं एकुलता एक डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "का गं? तुला एवढी घाई कसली?"

"चिडवणी आणायला जातेय," मी म्हटलं.

दुपारच्या सुट्टीत आमच्या बायका बाहेरच्या कुरणात पाला खुडायला जायच्या. दोन्हीकडचे पहारेकरी तेव्हा दुसरीकडे बघायचे, तसा अलिखित करार होता. त्या दिवशी मी खुडत खुडत पुढे गेले आणि फ्रेंचांच्या खंदकापाशी जाऊन उभी राहिले. पांढरा ॲप्रन हातात धरून.

कॅप्टन द मोंफ्लीर जेवत होता. खंदकात टेबल, टेबलावर पांढरं कापड, अंगावरच्या कोटाला एक सुरकुती नाही. मला बघून ताडकन उठला, ओठ पुसले आणि कमरेत वाकला. डच बोलायचा, पण प्रत्येक शब्द जणू साखरेच्या चिमट्यानं उचलून ठेवत होता.

"मादाम! चादर बरी निघाली ना?"

"चादर छान आहे. मी तुम्हाला तुमच्या शब्दातून मोकळं करायला आलेय."

"कशासाठी? माझ्या माणसांनी काही आगळीक केली?"

"नाही हो. मला तटावर धुणं वाळवायचं नाही, एवढंच."

"मग कुठे वाळवणार?"

आता काय सांगायचं? तट पोकळ आहे असं शत्रूला सांगितलं असतं तर ती फितुरी. मी अशीही फाशी जाणार होते, पण चोर म्हणून जावं, फितूर म्हणून नको, असं मला वाटत होतं.

"घरात," मी म्हटलं. "बाहेर धूर फार आहे. चादरी काळ्या होतात."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग तटाकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. भुवई जराशी वर गेली. सहा तोफा आणि बावीस दिवस वाया घालवलेल्या माणसाच्या भुवईला कमी कळत नाही.

"मादाम," तो म्हणाला, "मी फार मंद माणूस आहे. बायका काही सांगतात ते मला कळत नाही. धुण्याबद्दल बोलणं झालं, बस्स. बरोबर?"

"बरोबर."

"मग मी मोकळा झालो. उद्या सकाळी घरात थांबू नका. धूर होईल."

सकाळी सहाला चार गोळे आले. चारच. पाचवा भरायची गरज पडली नाही. सगळा तट पुढे कोसळून किल्ल्याच्या खंदकात गेला, वीस माणसं काय, बैलगाडी चढेल असा उतार झाला. धूळ खाली बसली आणि दोन्ही सैन्यांनी एकदम पाहिलं. तटाच्या पोटात लाकडी फळ्या ओळीनं लावलेल्या, रिकामं पिंप, लीनडर्टची झुलती खुर्ची आणि मागच्या भिंतीवर माझ्या सासूबाईंची तसबीर. सासूबाई फ्रेंच सैन्याकडे रागानं बघत होत्या. जिवंत असतानाही त्या तशाच बघायच्या. फ्रेंचांच्या बाजूनं कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. आमच्या बाजूनं कोणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

कर्नलसाहेब काठी टेकत आले. मी ॲप्रनला हात पुसले आणि म्हटलं, "साहेब, हे लीनडर्टचं काम. मला माहीत होतं. बांधा मला."

"ड्रीस," ते म्हणाले, "ढोल वाजवायला सांग. खिंडार पडलंय." सगळे पांगल्यावर ते त्या झुलत्या खुर्चीकडे बघत हळूच म्हणाले, "मलाही माहीत होतं."

"काय?"

"पाच वर्षं. तटाची पाहणी करताना काठी आपटली, तर आवाज पोकळ आला. लीनडर्ट गेलेला. कळवलं असतं तर तुम्हाला नेलं असतं." त्यांनी घसा खाकरला. "दर वर्षी अहवालात लिहितो. दक्षिण तट मजबूत."

"तुम्ही? खोटं लिहिलंत?"

"एकच वाक्य," ते ओशाळून म्हणाले. "आणि वेढ्यात... शत्रूला तर मी सांगू शकत नव्हतो. तुम्हाला धुणं काढा म्हणायचं रोज ठरवून यायचो. मग सूप यायचं."

मला राग आला. आल्त्येचं मरण मी एकटीनं पाठीवर घेतलं होतं, आणि हा माणूस रोज समोर बसून तोच धोंडा गिळत होता. दोघांपैकी एकानं तोंड उघडलं असतं तर ती वाचली असती. मी त्यांना तसं सांगितलंही. मग दोघेही रडलो, त्या उघड्या पडलेल्या तळघरात, फ्रेंच सैन्यासमोर. फ्रेंचांनी शिष्टाचार म्हणून तोंडं फिरवली.

दुपारी मोंफ्लीर कलमं ठरवायला किल्लेदाराच्या खोलीत आला. पद्धत अशी असते, की हरणारा डाव्या बाजूला एकेक मागणी लिहितो आणि जिंकणारा उजवीकडे मंजूर किंवा नामंजूर. सही झाली की ती देवाची वाणी. ड्रीस दारात उभा, मी पेल्यांत पाणी ओतत होते. दुसरं काही नव्हतंच.

बसल्याबसल्या कर्नलसाहेब म्हणाले, "कॅप्टन, सुरुवातीलाच एक सांगायचंय. तो तट पोकळ होता. मला ते माहीत होतं. माझ्या सरकारला मी तसं सांगणार आहे."

मी सुरई टेबलावर आदळली. ज्यासाठी मी सगळं केलं, ते हा माणूस स्वतःच्या हातानं बुडवायला निघाला होता!

मोंफ्लीर मात्र उसळून उठला. "पोकळ? महाशय, बावीस दिवस माझ्या तोफखान्यानं तो तट फोडलाय! बारा फूट भक्कम वीट! माझ्या बढतीचा कागद आजच निघालाय आणि तुम्ही सांगणार, की मी एका स्वयंपाकघराचा पराभव केला?"

"पण फळ्या सगळ्यांनी पाहिल्या..."

"मी खिंडार पाहिलं. माझ्या माणसांनी खिंडार पाहिलं. त्या फळ्या माझ्या माणसांनी आत्ताच शेकोटीला नेल्यात. तुम्ही माझी अब्रू घालवणार असाल तर मला तुम्हाला द्वंद्वाला बोलवावं लागेल, आणि तुमचा पाय दुखतोय."

ड्रीस छताकडे बघत म्हणाला, "साहेब, पाहुण्याचा मान राखावा."

कर्नलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, अशी की नाही म्हणायची सोयच नव्हती. त्यांनी सुस्कारा टाकून कागद पुढे सरकवला.

मोंफ्लीर मोठ्यानं वाचू लागला. शिबंदी निशाणं फडकवत, ढोल वाजवत खिंडारातून बाहेर पडेल. मंजूर. आजारी आणि जखमींना फ्रेंच डॉक्टर बघतील, रोज मांसाचा रस मिळेल. मंजूर. गावात कोणाच्या घरात शिपाई शिरणार नाही. मंजूर. आच्छादलेल्या दोन गाड्या तपासल्या जाणार नाहीत. मंजूर. हेरिंगची पिंपं फ्रेंच ताब्यात घेतील. इथे त्यानं वास आठवून नाक मुरडलं, पण मंजूर.

"कलम सतरा," त्यानं वाचलं. "लीनडर्ट गवंड्याची विधवा पीटर्नेल, किल्लेदाराची..." तो थांबला. पुन्हा मनात वाचलं. कर्नलसाहेबांकडे बघितलं.

बावीस दिवस गोळे डोक्यावरून जात होते आणि या माणसानं एकदाही मान खाली घातली नव्हती. आता घातली. कान टोकापर्यंत लाल.

"वाचा ना," मी म्हटलं. मला वाचता येत नाही.

"...किल्लेदाराची पत्नी म्हणून शिबंदीबरोबर बाहेर पडेल."

मोंफ्लीरनं लेखणी शाईत बुडवली, मग ती खाली ठेवली आणि कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "हे कलम माझ्या अधिकारात नाही, मादाम. इथे वेढा माझा नव्हता."

"अकरा वर्षं!" मी कर्नलसाहेबांवर कडाडले. "अकरा वर्षं माझ्यासमोर बसलात, आणि विचारायला फ्रान्सचं सैन्य आणावं लागलं?"

"शत्रूच्या सहीनं पक्कं होतं," ते टेबलाकडे बघत पुटपुटले. "मग मला माघार घेता येत नाही. मी भित्रा आहे, पीटर्नेलबाई, या बाबतीत."

मी त्यांच्याकडे बघितलं. रफू केलेला कोट, हाडं वर आलेली मनगटं, आणि कोर्टापुढे उभं राहायचंय अशी बसण्याची तऱ्हा. त्यांनी माझ्यासाठी पाच वर्षं खोटं लिहिलं होतं, आणि मी त्यांच्यासाठी मान दोरात द्यायला निघाले होते, आणि दोघांनीही एकमेकांना चकार शब्द सांगितला नव्हता. असल्या दोन माणसांना वेगवेगळं सोडणं धोक्याचं होतं.

मी लेखणी घेतली आणि उजव्या रकान्यात फुली मारली. मोठी.

"ही मंजूरची की नामंजूरची?" मोंफ्लीरनं विचारलं.

"त्यांना विचारा," मी म्हटलं.

कर्नलसाहेबांनी मान वर केली. किती तरी वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मग फुलीखाली आपल्या हातानं 'मंजूर' असं लिहिलं. अक्षर इतकं थरथरलेलं, की पुढे आमच्या सरकारच्या कारकुनाला तो एकच शब्द लागला नाही, आणि त्यानं आम्हा दोघांना समोर बसवून तो आमच्याच तोंडून वदवून घेतला.